‘काबुलीवाला’ पेन्सिल हातात घेऊन वाचताना: कथेची रचना, उपरोध आणि निवेदकाची नजर

कथेवर चार पानं लिहायची वेळ आली की आपल्यातले बहुतेक जण आधी गोष्ट पुन्हा सांगतात आणि शेवटी एक वाक्य ठेवून देतात: ‘या कथेतून लेखकाने मानवतेचे दर्शन घडवले आहे.’ पदवीच्या पहिल्या वर्षाला मीही हेच लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा त्या वाक्याखाली लाल शाईत एकच शब्द होता: ‘कुठे?’

त्या शब्दाने मला कथा वाचायला शिकवलं. मानवता कुठल्या परिच्छेदात आहे? कुणाच्या तोंडी, कुठल्या वस्तूत? ते दाखवता आलं तर विश्लेषण, नाही तर नुसतं कौतुक. हे दाखवायचं कसं, ते रवींद्रनाथ ठाकुरांची ‘काबुलीवाला’ घेऊन सांगतो. कथा १८९२ची, ‘साधना’ या बंगाली मासिकातली (आपलं साने गुरुजींचं ‘साधना’ १९४८चं, ते वेगळं). मुद्दाम ही निवडली, कारण ती सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. कलकत्त्यातली पाच वर्षांची मिनी, काबूलकडून सुकामेवा विकायला येणारा रहमत, शेवटी डोळ्यांत पाणी. एवढ्या ओळखीच्या कथेत जे नजरेतून सुटतं ते सापडलं, तर तीच रीत कुठल्याही कथेला लावता येते.

आधी पूर्ण संहिता मिळवा

शालेय पुस्तकातला संक्षेप चालणार नाही. सिनेमाच्या आठवणीवर तर मुळीच लिहू नका. संपूर्ण भाषांतर घ्या आणि शक्य असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. बंगाली ऐकून थोडंफार कळत असेल तर मूळही चाळा, आपल्याला अर्धंअधिक उमगतं.

एवढा आग्रह का, ते एका उदाहरणाने सांगतो. मिनीचे वडील कादंबरीकार आहेत. कथा सुरू होते तेव्हा ते कादंबरीचं सतरावं प्रकरण लिहीत असतात. मूळ बंगालीत त्यांचा नायक प्रतापसिंह अंधाऱ्या रात्री कांचनमालेला घेऊन तुरुंगाच्या उंच खिडकीतून खालच्या नदीत उडी टाकतो आहे. एका जुन्या, प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात या तुरुंगाचा किल्लेवजा वाडा झाला आहे. वरवर पाहिलं तर फरक किरकोळ. पण पुढे त्याच खोलीच्या खिडकीतून निवेदकाला खराखुरा कैदी दिसणार आहे, बेड्यांतला रहमत. कल्पनेतला कैदी अंधाऱ्या रात्री थाटात निसटतो आणि खरा कैदी सकाळी आठच्या उन्हात दोन शिपायांच्या मधून चालत जातो. भाषांतरात ‘तुरुंग’ हा एक शब्द गेला की हा दुवाच गेला. वाचणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, त्याच्यापर्यंत तो आलाच नाही.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय, दुसरं आकड्यांसह

पहिल्यांदा नुसती वाचा. जिथे घशाशी आलं किंवा हसू फुटलं ती जागा लक्षात ठेवा. तुमची पहिली प्रतिक्रिया हा पुरावा असतो, तो फेकून देऊ नका.

दुसऱ्या वाचनाला परिच्छेदांना क्रमांक द्या आणि वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात काय घडतं ते चार-पाच शब्दांत, दुसऱ्यात कथेतला किती काळ गेला, तिसऱ्यात त्याला साधारण किती ओळी दिल्यात. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण कथेची रचना उघडी पडते ती इथेच.

‘काबुलीवाला’त तिसरा रकाना बघून पहिल्यांदा मी चमकलो होतो. मिनीची बडबड, रहमतची पहिली भेट, त्यांचे ठरावीक विनोद, आईची भीती, यावर पानंच्या पानं. अटक आणि शिक्षा थोडक्यात. मग आठ वर्षं जातात एका छोट्याशा परिच्छेदात. आणि लग्नाच्या दिवशीची एक सकाळ पुन्हा सविस्तर, जवळजवळ मिनिटामिनिटाने.

आता स्वतःला विचारा, लेखकाने आठ वर्षं इतकी झटकन का उरकली? माझं उत्तर असं आहे. रहमतच्या आयुष्यातून ती वर्षं जशी नाहीशी झाली, तशीच ती वाचकाच्या हातातूनही निसटावीत म्हणून. लग्नाच्या सकाळी रहमत दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या लेखी मिनी अजून तेवढीच आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्या लेखीही. ती मोठी होत असताना आपण तिला फारसं पाहिलेलंच नाही. रचनेने आपल्याला रहमतच्या शेजारी आणून उभं केलं आहे, गोष्ट सांगणारे मात्र मिनीचे वडील आहेत.

‘कथेची सुरुवात आकर्षक, मध्य उत्कंठावर्धक आणि शेवट परिणामकारक आहे’ हे वाक्य कुठल्याही कथेला चिकटवता येतं. म्हणूनच ते लिहायचं नाही. कुठे काळ ताणला, कुठे आवळला आणि त्याने वाचक कुठे जाऊन बसला, हे लिहा.

दोनदा येणाऱ्या गोष्टी शोधा

चांगल्या कथेत कामाची वस्तू सहसा एकदाच येत नाही. दुसऱ्यांदा येते तेव्हा बदललेली असते. तिसऱ्या वाचनात एवढंच करायचं: जे जे परत येतं त्याखाली एकाच रंगाची रेघ. या कथेत मला सापडलेल्यांतली काही इथे देतो, पण आधी स्वतः शोधा.

झोळी. मिनीला आधी खात्री असते की काबुलीवाल्याच्या झोळीत तिच्यासारखी दोन-चार जिवंत मुलं सापडतील. मैत्री झाल्यावर ती विचारते, झोळीत काय आहे, आणि रहमत म्हणतो, हत्ती. अटकेच्या दिवशी खांद्यावर झोळी नसते, म्हणून तो नेहमीचा प्रश्नच निघत नाही. सुटून येतो तेव्हा झोळी कायमची गेलेली. हातात आहेत ते बहुधा कुणा देशबांधवाकडून मागून आणलेले द्राक्षं, मनुका, बदाम.

पैसे. सुरुवातीला निवेदक मेव्याचे म्हणून रहमतला अर्धा रुपया देतो. तो नाणं निःसंकोचपणे झोळीत टाकतो आणि जाताना मिनीच्या हातात ठेवून जातो. त्यावरून घरात गदारोळ. शेवटी निवेदक पुन्हा पैसे काढतो तेव्हा रहमत त्याचा हातच धरतो: मी इथे सौदा करायला येत नाही. अर्ध्या रुपयाचं कोडं आठ वर्षांनी सुटतं.

कागद. हे मला फार उशिरा दिसलं. निवेदकाच्या टेबलावर प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी कागद आहेत. पहिल्या भेटीत कादंबरीचं हस्तलिखित, अटकेच्या सकाळी छपाईआधी तपासायची मुद्रितं, लग्नाच्या दिवशी खर्चाचा हिशेब. रहमतकडे मात्र एकच कागद, अंगरख्यात छातीशी जपून ठेवलेला, घडी पडून मळलेला. त्यावर काजळी लावून उमटवलेला लहानशा हाताचा ठसा. छायाचित्र नाही, तैलचित्र नाही. कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेवा विकायला दरवर्षी येणारा माणूस मुलीची एवढीच खूण छातीशी बाळगतो. लेखकाच्या घरात लिहिलेल्या कागदांचे ढीग आहेत. कथेतला सगळ्यात मोलाचा कागद मात्र रहमतकडे आहे, आणि त्यावर एक अक्षरही नाही.

आणि हात. रहमत काल्पनिक सासऱ्यावर भलीमोठी मूठ उगारतो. पुढे त्याचे हात बांधलेले असतात. मग येतो तो चिमुकल्या हाताचा ठसा. त्याच्या जरा आधी त्याने निवेदकाचा पैसे देणारा हात धरलेला असतो. मूठ, बेडी, पकड, ठसा: कथेचा कणा या चार जागांवर उभा आहे, असं मी वर्गात ठामपणे सांगतो.

या याद्या करताना एक सावधगिरी ठेवा. वस्तू दिसली की लगेच ‘हे अमुकचे प्रतीक आहे’ असं लिहू नका. झोळी कशाचं प्रतीक आहे हे सांगायची गरज नाही. पहिल्यांदा ती कशी होती, नंतर कशी झाली आणि या दोहोंमध्ये काय घडलं, एवढं सांगितलं तरी पुरे. उपरोध त्या दोन वेळांमधल्या अंतरातच असतो.

एका शब्दाचा पाठलाग: ‘श्वशुरबाडी’

इथे जरा थांबून काम करू, कारण रचना, उपरोध आणि दृष्टिकोन तिन्ही या एका शब्दात (अर्थ: सासऱ्याचं घर) एकत्र आले आहेत.

रहमत मिनीला त्याच्या मोडक्या बंगालीत गमतीने म्हणतो, तू सासरी कधी जाऊ नकोस हं. बंगाली घरातल्या मुलींना हा शब्द जन्मापासून ठाऊक असतो, पण आपण जरा नव्या विचारांचे, म्हणून मुलीला ते शिकवलेलं नाही, असं वडील सांगतात. त्यामुळे मिनीला शब्दाचा अर्थ कळत नाही. ती उलट त्यालाच विचारते, तू सासरी जाणार? रहमत मूठ उगारून म्हणतो, मी सासऱ्याला मारीन. ‘सासरा’ नावाच्या कुठल्याशा अनोळखी प्राण्याची फजिती डोळ्यांपुढे आणून मिनी खिदळते.

मराठीत हा विनोद आणताना भाषांतरकाराची पंचाईत होते, आणि ती समजून घेणं हेच विश्लेषण आहे. बंगालीत बाई असो की पुरुष, दोघांनाही ‘श्वशुरबाडी’ हाच शब्द. आपल्याकडे मुलगी जाते ती सासरी आणि जावई जातो तो सासुरवाडीला. सासर म्हणजे कामाचा रगाडा, सासुरवाडी म्हणजे पाहुणचार. म्हणजे मिनीने रहमतला विचारायला हवं ‘सासुरवाडीला जाणार?’ आणि रहमतने तिला ‘सासरी’. दोन शब्द झाले की आरसा तडकतो, कारण मूळ कथेत तोच शब्द जसाच्या तसा एकमेकांकडे टोलवला जातो. त्यात तुरुंगालाही गमतीने सासऱ्याचं घर म्हणायची रीत आहे, आपण ‘सरकारी पाहुणचार’ म्हणतो तशी. म्हणजे तिसरा अर्थही त्यातच दडलेला.

आता क्रम पाहा. एका शेजाऱ्याने रामपुरी शालीचे पैसे थकवले, वर शाल घेतलीच नाही म्हणाला, बाचाबाची झाली आणि रहमतने सुरा चालवला. शिपाई त्याला नेत असताना मिनी धावत येते आणि खेळातलाच प्रश्न विचारते, तू सासरी जाणार? तो हसून म्हणतो, तिथेच तर चाललोय. ती हसली नाही हे बघून बांधलेले हात दाखवतो: सासऱ्याला मारलं असतं, पण काय करू, हात बांधलेत. आठ वर्षांनी, लाल रेशमी वस्त्रातली, कपाळावर चंदन रेखलेली मिनी समोर येते. रहमत गोंधळतो, जुना खेळ काही केल्या जमत नाही, आणि शेवटी तो हसून विचारतो: सासरी जाणार?

शब्द तोच, पण दर वेळी वजन वेगळं. आधी दोघांपैकी कुणालाच तो लागू नव्हता, म्हणून हसता आलं. मग रहमतला लागू झाला, मिनीला कळला नाही. शेवटी मिनीला लागू झाला आणि कळलाही, आणि हसणं संपलं. तुमच्या वहीत या तीन ओळी एकाखाली एक लिहा. उत्तराचा अर्धा भाग तयार आहे.

उपरोध ओळखायचे तीन प्रश्न

‘आयरनी’ला मराठी समीक्षेत उपरोध म्हणतात, पण रोजच्या बोलण्यात उपरोध म्हणजे टोमणा, खोचक बोलणं. त्यामुळे विद्यार्थी कथेत टोमणे शोधत बसतात. इथला उपरोध म्हणजे दिसणं आणि असणं, अपेक्षा आणि घडणं यांमधलं अंतर. ते मोजायला तीन प्रश्न विचारा: पात्राला या क्षणी काय वाटतंय? खरं काय आहे? आणि ते खरं या क्षणी कुणाकुणाला माहीत आहे?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रकार ठरतो. बोलणाऱ्याला स्वतःलाच दोन्ही अर्थ माहीत असतील तर शाब्दिक उपरोध, उदाहरणार्थ रहमतचं ‘तिथेच तर चाललोय’. वाचकाला माहीत आणि पात्राला नाही, तर नाट्यगत: पाच वर्षांच्या मुलीसाठी द्राक्षांची पेटी घेऊन तो दारात उभा राहतो, तेव्हा आत सनईवर भैरवी चालली आहे हे आपल्याला माहीत असतं. आणि कुणालाच आधी माहीत नसेल, घटनाच उलटी फिरली असेल, तर परिस्थितीजन्य: रहमत त्याच्या ‘सासऱ्याच्या घरून’ सुटतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिनी तिच्या सासरी निघते.

आता एक नेहमीची चूक. योगायोग म्हणजे उपरोध नव्हे. आदल्या संध्याकाळी सुटका आणि दुसऱ्या दिवशी लग्न, हा निव्वळ योगायोग आहे. त्याला धार येते ती आधीच्या पानांवर त्या शब्दाचा खेळ मांडून ठेवल्यामुळे. पूर्वतयारी काढून टाका, उरते फक्त तारखांची गाठ. म्हणून उपरोध दाखवताना नेहमी दोन जागा दाखवा, एक पेरणीची आणि एक उगवल्याची.

सगळ्यात खोल उपरोध मात्र मोठ्या प्रसंगात नाही. रहमत तुरुंगात गेल्यावर सगळे त्याला विसरतात. मिनी आधी घोड्याच्या मोतद्दाराशी मैत्री करते, मग मैत्रिणींत रमते. आणि वडील ओघात सांगून जातात की ती आता त्यांच्या लिहिण्याच्या खोलीतही फिरकत नाही, त्यांची तिच्याशी जवळजवळ कट्टीच झाली आहे. हे वाक्य चौकटीत घ्या. रहमतची मुलगी डोंगरांपलीकडे आहे आणि आठ वर्षांत ती त्याला अनोळखी झाली असणार. निवेदकाची मुलगी त्याच घरात, दोन खोल्या पलीकडे, आणि तीही त्याला हळूहळू अनोळखी होत गेली. शेवटी ‘तोही बाप, मीही बाप’ असं त्याला वाटतं, तेव्हा त्या साम्याचा हा भाग तो उच्चारत नाही. रचनेने तो आधीच सांगून ठेवला आहे.

निवेदकाची जबानी घ्या

‘कथा प्रथमपुरुषी निवेदनात आहे’ एवढं लिहून थांबलात तर नुसती नोंद झाली, काम झालं नाही. निवेदकाला साक्षीदारासारखं समोर बसवा. तू कोण? तुला हे कसं कळलं? तू काय पाहिलं नाहीस? तुझा यात स्वार्थ काय?

हा निवेदक कलकत्त्याबाहेर कधी न गेलेला, मनाने मात्र सतत प्रवास करणारा लेखक आहे. शरदातल्या सकाळी तो रहमतशी गप्पा मारतो त्या अफगाणिस्तानचा तेव्हाचा अमीर अब्दुर रहमान, रशियन आणि इंग्रजांचं सरहद्दीचं धोरण यांच्याबद्दल. त्याच्या डोळ्यांसमोर उंटांचे तांडे, पर्वत, फेटेवाले व्यापारी येतात. पण रहमतच्या घरी कोण आहे, हे तो एकदाही विचारत नाही. अख्खा अफगाणिस्तान त्याच्या कल्पनेत मावतो, तिथली एक मुलगी मावत नाही.

म्हणूनच कथा त्याच्या तोंडून सांगणं हा रवींद्रनाथांचा कळीचा निर्णय आहे. सर्वज्ञ निवेदकाला पहिल्याच पानावर सांगावं लागलं असतं की रहमतच्या छातीशी एक कागद आहे, नाही तर त्याने ते लपवलं असं झालं असतं. हा निवेदक काही लपवत नाही. त्याला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं कारण त्याने विचारलं नाही. कागद उलगडतो तेव्हा आपल्या डोळ्यांत येणाऱ्या पाण्यात थोडी शरमही असते, कारण आपणही विचारलं नव्हतं.

आता त्याचे शब्द तपासा. रहमतला शिक्षा झाली ती जबर दुखापतीबद्दल. पण तो सुटून समोर आल्यावर निवेदकाच्या मनात शब्द येतो ‘खुनी’. असा माणूस आपण कधी प्रत्यक्ष पाहिला नाही, या विचाराने त्याचं मन आक्रसतं. ज्याच्याशी सकाळी-सकाळी गप्पा मारल्या, ज्याला रक्ताळलेल्या कपड्यांत रस्त्याने जाताना पाहिलं, तोच माणूस शुभकार्याच्या दिवशी अचानक अशुभ ठरतो. ‘आज घरात काम आहे, आज तू जा.’ निवेदक वाईट माणूस नाही. तो आपल्यासारखा आहे, आणि हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी कुणाला तरी म्हटलेलं असतं.

मिनीच्या आईकडेही याच ठिकाणी वळून बघा. रस्त्यावर जरा गलका झाला की दारुडे घरावर चालून येणार असं तिला वाटतं, आणि निवेदक ते गमतीने सांगतो. काबुली माणसाने मूल पळवणं अगदीच अशक्य आहे का, हा तिचा प्रश्नही तो हसण्यावारी नेतो. पण त्याच रहमतने पुढे सुरा चालवला, हे कथा लपवत नाही. आई मुलीबाबत चुकली, माणूस संतापाच्या भरात काय करू शकतो याबाबत पूर्ण चुकली नाही. रहमतला निष्पाप देवमाणूस करून उत्तर लिहाल तर कथा पातळ होईल.

दृष्टिकोन पक्का कळायला एक व्यायाम जरूर करा. सुटकेनंतरची सकाळ रहमतच्या ‘मी’मधून दहा ओळींत लिहा. मेवा कुणाकडून आणला, दाराशी सनई ऐकून काय वाटलं, परत जायला निघून पुन्हा का वळलो. लिहिता लिहिता लक्षात येईल की तिसऱ्या-चौथ्या ओळीतच तुम्हाला मुलीचा उल्लेख करावा लागतोय. तो टाळता येत नाही, आणि तो आला की रवींद्रनाथांचा शेवट हातातून जातो. काय गमावलं ते कळलं की त्या निवेदकाचं काम कळलं.

शेवटाशी भांडा

शेवटी निवेदक एक नोट काढून रहमतला देतो: मुलीकडे परत जा, तुमच्या भेटीच्या सुखाने माझ्या मिनीचं कल्याण होवो. त्यासाठी लग्नातली विजेची रोषणाई आणि इंग्रजी बँड कमी करावा लागतो, घरातल्या बायका नाराज होतात, पण आपला उत्सव मंगल प्रकाशाने उजळला असं त्याला वाटतं.

इथे दोन वाचनं संभवतात. एक, माणुसकीचा विजय. दुसरं, नुकतेच ज्याने पैसे नाकारले त्याला पुन्हा पैसेच दिले, आणि समाधान मिळालं ते देणाऱ्याला. रहमतने नोट घेतली का, तो काय बोलला, मुलीपर्यंत पोचला का, यातलं काहीही कथेत नाही. मला स्वतःला निवेदकाचा प्रामाणिकपणा पटतो: मेव्याचे पैसे हा सौदा होता, वाटखर्चाची नोट तशी नाही, आणि ती देताना त्याने पहिल्यांदाच रहमतच्या मुलीचा विचार केला आहे. पण रहमतचं मौन मी उत्तरात नोंदवतोच. तुम्ही दुसऱ्या बाजूने लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त दुसरं वाचन शक्य आहे हे मान्य करून आपलं का, ते सांगा.

लिहायला बसताना

एक विधान पक्कं करा, ज्याला कुणी तरी हरकत घेऊ शकेल असं. ‘कथा हृदयस्पर्शी आहे’ याला कोण हरकत घेणार? ‘निवेदकाने न विचारलेला प्रश्न हाच या कथेचा कणा आहे’ याला घेता येईल, म्हणून ते चालेल.

गोष्टीचा सारांश तीन ओळींच्या वर नको. रचनेचा वेगळा परिच्छेद, उपरोधाचा वेगळा, दृष्टिकोनाचा वेगळा, अशी खानेसुमारी शक्यतो टाळा. एक जागा घ्या आणि तिथे तिन्ही दाखवा. म्हणजे हे असं:

‘अर्ध्या रुपयाचं नाणं रहमत मिनीला देऊन टाकतो हे निवेदकाला नंतर, घरातल्या भांडणातून कळतं. त्याचा अर्थ मात्र त्याला तेव्हा लागत नाही. आठ वर्षांनी तो पुन्हा पैसे काढतो आणि रहमत त्याचा हात धरतो, तेव्हा पहिल्या नाण्याचा अर्थ त्याला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतो.’

तीन वाक्यांत दोन टोकांची रचना आली, गैरसमजाचा उपरोध आला आणि निवेदकाला केव्हा काय कळलं तेही आलं. अशा चार जागा मिळाल्या की चार पानं सहज भरतात. अवतरणं छोटी घ्या, पाच-सहा शब्दांची, आणि प्रत्येकानंतर निदान दोन वाक्यं स्वतःची. कच्चा मसुदा झाला की प्रत्येक विधानापुढे समासात ‘कुठे?’ लिहा. उत्तर नसेल तर ते विधान कापा, कितीही सुंदर असलं तरी.

सगळं लिहून झाल्यावर एक शेवटचं काम: कथेचा पहिला परिच्छेद आणि मिनीचा शेवटचा प्रसंग लागोपाठ मोठ्याने वाचा. पहिल्याच वाक्यात कळतं की ही पाच वर्षांची मुलगी क्षणभरही बोलल्याशिवाय राहू शकत नाही. सासरचा खेळ सुरू होतो तेव्हाही निवेदक सांगतो, उत्तर न देता गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. आणि लग्नाच्या दिवशी तोच प्रश्न रहमत विचारतो तेव्हा ती लाजेने लाल होते, तोंड वळवते आणि निघून जाते. संपूर्ण प्रसंगात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. निवेदकाने यावर काहीच भाष्य केलेलं नाही.